‘हाऊस ऑफ लीव्ह्ज’ पहिल्यांदा वाचायला घेताय? सामान, क्रम आणि कुठे अडकायला होतं ते सगळं

मार्क झी. डॅनिएलेव्स्कीचं ‘हाऊस ऑफ लीव्ह्ज’ मी दोनदा अर्धवट सोडलं, दोन्ही वेळा नवव्या प्रकरणात, आणि तिसऱ्या वेळी सात आठवड्यांत पूर्ण केलं. मागच्या महिन्यात माझ्या मावसभावाने ते मागवलं, पार्सल फोडून चाळलं आणि लगेच फोन, "ताई, यातली पानं उलटी छापलीयेत गं, परत करू का?" उलटी छापलेली नाहीयेत, ती तशीच आहेत. मग तासभर त्याला फोनवर जे जे सांगितलं ते इथे नीट क्रमाने लिहून ठेवतेय, म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी दोनदा सोडावं लागणार नाही.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडंसं. बाहेरून साधं दिसणारं घर आणि आत मात्र मावणार नाही एवढी जागा, ही कल्पना जुनी आहे. ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश टीव्ही मालिकेतला तो निळा पोलिस बॉक्स १९६३ पासून हेच करतोय. पण तिथे ती गंमत आहे, आत गेलेला माणूस थक्क होतो आणि पुढच्या प्रवासाला लागतो. २००० साली आलेल्या या कादंबरीत तीच कल्पना एका चौकोनी कुटुंबाच्या राहत्या घरात आणून ठेवलीये. फोटोजर्नालिस्ट विल नेव्हिडसन, त्याची जोडीदार करेन, मुलं चॅड आणि डेझी, व्हर्जिनियातल्या अ‍ॅश ट्री लेनवरचं घर. नात्यात ताण आलाय, सगळं पुन्हा नीट करायचं म्हणून इथे राहायला आलेत, आणि घराची मापंच जुळत नाहीत. गोष्टीचा शेवट मी फोडणार नाहीये, बिनधास्त वाचा.

१. आधी बरोबर प्रत मिळवा

ही पायरी लोक सगळ्यात सहज घेतात आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. माझी पहिली प्रत ऑनलाइन एका विक्रेत्याकडून निम्म्या किमतीत घेतलेली, आली ती डुप्लिकेट निघाली. कागद पातळ, कडेचा मजकूर कापलेला, आणि सगळं काळं-पांढरं. आता या पुस्तकात ‘हाऊस’ हा शब्द जिथे जिथे येतो तिथे तिथे निळ्या रंगात असतो, दुसऱ्या भाषेतला घर या अर्थाचा शब्द आला तरी तोही निळा. मिनोटॉर, म्हणजे ग्रीक कथेतला तो चक्रव्यूहात कोंडलेला बैलाच्या डोक्याचा प्राणी, त्याच्याबद्दलचा मजकूर लाल आणि खोडलेला. माझ्या प्रतीत यातलं काहीच नव्हतं, आणि ते नाहीये हे मला दीडशे पानं वाचून झाल्यावर कळलं.

म्हणून दुकानातून घ्या किंवा ऑनलाइन, ‘रीमास्टर्ड फुल-कलर एडिशन’ लिहिलेलं पेपरबॅक बघूनच घ्या. हातात आल्यावर तीन गोष्टी तपासा:

- कॉपीराइटचं पान. तिथे पूर्ण रंगीत, दोन रंगी, काळी-पांढरी आणि अपूर्ण अशा चार प्रकारच्या आवृत्त्यांची माहिती दिलीये, कुठल्या आवृत्तीत काय असतं ते सगळं.
- मधलं कुठलंही पान उघडून ‘हाऊस’ शब्द निळा आहे का.
- पुढचं कव्हर. ते आतल्या पानांपेक्षा थोडं अरुंद असतं, उजवीकडे पानांची कड बाहेर दिसते. हा दोष नाहीये. पुस्तक आतून बाहेरच्यापेक्षा मोठं आहे, ते मुद्दाम तसं केलंय.

फोनवर पीडीएफ वाचू नका. पुस्तक हातात फिरवावं लागतं, आणि फोन आडवा केला की स्क्रीनही आडवी होते मग सगळा खेळच संपतो.

२. सामान जमवा

फार काही नाही, घरात असतंच हे:

- दोन बुकमार्क. एक मुख्य मजकुरासाठी, एक मागच्या परिशिष्टासाठी. एकावर भागत नाही.
- रंगीत चिकटपट्ट्या. फूटनोट तुम्हाला दुसऱ्या पानावर पाठवेल तेव्हा परत यायची खूण म्हणून.
- शिसपेन्सिल. पेन नको, कारण पहिल्या वेळी लावलेला अर्थ नंतर खोडावासा वाटतो.
- पातळ वही, कोण कोणाचा कोण ते लिहायला.
- टेबल. खरंच सांगतेय. लोकलमध्ये उभं राहून वाचायचं हे पुस्तक नाही, ७०० च्या वर पानं आहेत, वजन आहे, आणि गोल फिरवायचंय.

इंग्रजीची सवय बेताची असेल तरी घाबरू नका. अवघड वाटणारे मोठे मोठे उतारे बरेचदा विद्वान लोक कसं लिहितात ते दाखवण्यासाठी आहेत, त्यातला प्रत्येक शब्द कळायलाच पाहिजे असं नाही. गोष्टीचा भाग सरळ इंग्रजीत आहे.

३. कोण बोलतंय ते अक्षरावरून ओळखा

गोष्ट एकात एक आहे, आणि पहिल्या पन्नास पानांत गोंधळ होतो तो यामुळेच. सगळ्यात आत नेव्हिडसनने स्वतःच्या घरावर काढलेली डॉक्युमेंटरी. तिच्यावर झाम्पानो नावाच्या एका म्हाताऱ्याने लिहिलेला लांबलचक अभ्यास. झाम्पानो मेल्यावर त्याच्या खोलीतली ती कागदांची चळत लॉस एंजेलिसमधल्या जॉनी ट्रुअंटला मिळते, जो टॅटूच्या दुकानात काम करतो, आणि तो तिला फूटनोट जोडत जातो. त्याच्याही वर संपादक आहेत, ते अधूनमधून एखादी ओळ टाकतात.

ओळखायचं कसं, तर फॉन्टवरून. झाम्पानो टाइम्समध्ये, नेहमीच्या पुस्तकासारखा. जॉनी कुरियरमध्ये, जुन्या टाइपरायटरसारखा. संपादक बुकमनमध्ये. वहीच्या पहिल्या पानावर हे लिहून ठेवा, शंभरेक पानांनंतर बघावं लागत नाही, डोळ्यांना सवय होते.

आणि इथे एक गोष्ट लक्षात ठेवा जी जॉनी प्रस्तावनेतच सांगून टाकतो. ही डॉक्युमेंटरी अस्तित्वातच नाही, आणि तिच्यावर पानंच्या पानं लिहिणारा झाम्पानो आंधळा होता. त्यामुळे फूटनोटमध्ये दिलेली पुस्तकं, लेख, प्राध्यापक हे सगळं शोधत बसू नका. काही खरं आहे, पुष्कळसं रचलेलं आहे, आणि दर वेळी थांबून ताळा करत बसलात तर गोष्ट पुढे सरकत नाही. पहिल्यांदा सोडलं तेव्हा मी नेमकं हेच करत होते.

४. पाव इंचापाशी थांबा

सगळ्या पुस्तकातली मला सगळ्यात जवळची जागा ही आहे, म्हणून जरा जास्त लिहितेय.

कुटुंब काही दिवस बाहेरगावी जाऊन परत येतं आणि आईवडिलांच्या आणि मुलांच्या बेडरूमच्या मध्ये एक छोटी जागा तयार झालेली असते, दारासकट, जी आधी नव्हती. भूत नाही, रक्त नाही, किंकाळी नाही. मग नेव्हिडसन टेप घेऊन मोजायला लागतो, आणि घराची आतली रुंदी बाहेरच्या रुंदीपेक्षा १/४ इंच जास्त भरते.

पाव इंच म्हणजे सहा मिलीमीटरच्या थोडं वर. साधी शिसपेन्सिल याहून किंचित जाड असते. एवढ्याने काय होतंय असं वाटतं ना? आपल्याकडे घर घेताना कार्पेट एरिया विचारायची सवय सगळ्यांना असते, भिंतींची जाडी वजा होऊन आतलं माप बाहेरच्यापेक्षा कमीच येणार हे आपल्याला शाळेतल्या मुलालाही सांगावं लागत नाही. ते जास्त येऊच शकत नाही. पाव इंच नाही, केसभरही नाही. आणि एकदा ते केसभर जास्त आलं की मग पाव इंच आणि पाव मैल यात काही फरकच उरत नाही, कारण जे अशक्य होतं ते झालेलंच आहे.

मी इथवर आल्यावर पुस्तक खाली ठेवलं आणि आमचा हॉल मोजला. स्टीलची टेप, भिंतीपासून भिंतीपर्यंत, एकटीनेच. पहिल्यांदा १२ फूट ३ इंच, दुसऱ्यांदा १२ फूट सव्वातीन. टेपला मधे झोळ पडला होता, झोळ पडला की माप जास्त येतं. तुम्हीही मोजून बघा, दहा मिनिटांचं काम आहे, पण त्यानंतर नेव्हिडसन पुन्हा पुन्हा का मोजतो, भावाला का बोलावतो, मग इंजिनीअर मित्राला चांगली उपकरणं घेऊन का बोलावतो ते आतून कळतं. त्याला चूक सापडायला हवी असते. झोळ पडलेला असावा अशी त्याची इच्छा असते.

आता प्रस्तावनेत परत जा आणि झाम्पानोच्या खोलीचं वर्णन पुन्हा वाचा, तिथे जमिनीवर आणि भिंतींवर ठोकलेल्या मोजपट्ट्या आहेत. पहिल्या वाचनात ते नुसतं म्हाताऱ्याचं वेड वाटतं.

पहिल्याच प्रकरणात दिवाणखान्यातल्या पॅसेजची छोटी फिल्म येते, साडेपाच मिनिटांची, तीही आता पुन्हा वाचा. नेव्हिडसन कॅमेरा बंद न करता खिडकीतून बाहेर जातो, भिंतीला बाहेरून काहीही नाही हे दाखवतो, दुसऱ्या खिडकीतून आत येतो आणि त्याच भिंतीतलं दार उघडतो, आत किमान दहा फुटांचा काळोखा बोळ. बाहेर तो अंगणात दिसायला हवा होता. हा परिच्छेद वाचताना कागदावर आकृती काढा, नुसतं वाचलं तर यात नक्की अशक्य काय आहे ते निसटतं.

५. फूटनोटसाठी एक नियम ठरवा आणि तो मोडू नका

माझा नियम असा, वाटलं तर घ्या:

झाम्पानोची छोटी फूटनोट, फक्त पुस्तकाचं नाव आणि पान, तर नजर टाकून पुढे. जॉनीची फूटनोट, कितीही लांब असली तरी पूर्ण वाचायची, पण चालू परिच्छेद संपल्यावर. नावांच्या लांब याद्या, इमारती, वास्तुरचनाकार वगैरे, त्यांच्यावरून फक्त डोळा फिरवायचा. लाल खोडलेला मजकूर कधीच सोडायचा नाही, झाम्पानोला तो काढून टाकायचा होता आणि जॉनीने तो परत आणलाय, म्हणजे तिथे काहीतरी आहे.

पाचवं प्रकरण प्रतिध्वनीवर आहे, ग्रीक कथेतली एको आणि मग आवाजाचं शास्त्र. बरेच जण हे कंटाळवाणं म्हणून उडवतात, तसं करू नका. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो आणि परत आलेला आवाज वेगळा ऐकू यायला सेकंदाचा दहावा भाग तरी मधे जावा लागतो, म्हणजे समोरची भिंत साधारण १७ मीटर लांब हवी. आपल्या बेडरूममध्ये हाक मारली तर ती परत येत नाही ती म्हणूनच. आता विचार करा, राहत्या घरातल्या एका दारातून आत हाक मारली आणि ती सावकाश परत आली तर. दिव्याचा उजेड जिथे पोचत नाही तिथे माप घ्यायला फक्त आवाजच उरतो.

६. नववं प्रकरण: इथे बहुतेक लोक सोडतात

मी दोनदा सोडलं ते इथेच. तोवर होलोवे नावाचा अनुभवी माणूस आणि त्याचे दोन साथीदार त्या काळोखात शिरलेले असतात, आणि प्रकरण चक्रव्यूहाबद्दल आहे. मजकूर आडवा होतो, उलटा होतो, कडेला याद्या सुरू होतात, एक फूटनोट तुम्हाला दुसरीकडे पाठवते आणि ती परत पहिल्याकडे. पानाच्या मधोमध निळ्या चौकटीत एक यादी सुरू होते आणि पुढची कितीतरी पानं चालूच राहते.

इथे कसं चालायचं ते सांगते.

सगळ्यात आधी, सरळ मोठ्या अक्षरातला मुख्य मजकूर प्रकरणाच्या शेवटापर्यंत एका दमात वाचा. बाकी कशाकडेही वळू नका. होलोवेची मंडळी कुठे आहेत, काय होतंय एवढंच धरा. मग मागे येऊन चौकट वाचा. ती आहे त्या पॅसेजमध्ये काय काय नाहीये त्याची यादी, खोली गरम ठेवणारे रेडिएटर नाहीत, हवेचे झरोके नाहीत, घरात ज्या ज्या वस्तू असतात आणि ज्यांच्यावरून आपल्याला घर हे घर वाटतं त्यातलं काही म्हणता काही नाही. पान उलटलं की मागच्या बाजूला तीच चौकट आरशातल्यासारखी उलटी दिसते, जणू कागदाला खिडकी पाडलीये. ती पुन्हा वाचायची नाहीये! मावसभाऊ बाथरूमच्या आरशासमोर पुस्तक धरून उभा होता, त्याची गरज नाही, पुढच्या बाजूला वाचलेलंच तिथे आहे.

फूटनोट गोल गोल फिरवायला लागली तर दोन फेऱ्या मारा आणि बाहेर पडा. हरवल्यासारखं वाटणं हे तिथे बरोबर वाचल्याचं लक्षण आहे. या पानांची मांडणी ही सजावट नाही, आत गेलेल्या माणसांचं जे होतंय ते वाचणाऱ्याच्या हातांचं आणि मानेचं व्हावं म्हणून ती तशी आहे. मला हे तिसऱ्या वेळी कळलं आणि मग मी कोडं सोडवायच्या मागे लागले नाही.

दहाव्या प्रकरणात लगेच उलटं होतं. पानावर दोन-चार ओळी, कधी एखादाच शब्द, धावत सुटल्यासारखी पानं उलटतात. नवव्याला आठवडा लागला असेल तर हे एका बैठकीत होईल. नववं संपलं की थांबू नका, लगेच दहाव्यात शिरा.

७. जॉनीच्या आईची पत्रं कधी वाचायची

पाचव्या-सहाव्या प्रकरणाच्या आसपास संपादकांची एक टीप येते, जॉनी समजून घ्यायचा असेल तर मागच्या परिशिष्टात त्याच्या आईची पत्रं आहेत ती वाचा अशी. दुसरा बुकमार्क यासाठीच. तेव्हाच जा, शेवटपर्यंत राखून ठेवू नका. आई मानसिक रुग्णालयात आहे, मुलगा लहान आहे, आणि पत्रांमधून तिची भाषा हळूहळू सुटत जाते. ती वाचून परत आलात की जॉनी, जो तोवर थोडा त्रासदायक वाटत असतो, तो एकदम वेगळा दिसायला लागतो.

एक पत्र वाक्याला वाक्य न जुळणारं वाटेल. छपाईची चूक नाही ती. किल्ली आधीच्या पत्रातच दिलीये, प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर घ्यायचं. पेन्सिल घेऊन बसा, वीसेक मिनिटं लागतात. जे बाहेर येतं ते जड आहे, रात्री झोपताना करू नका.

यावरून एक सूचना मनापासून. जॉनीच्या फूटनोटांमध्ये नशा, सेक्स, हिंसा, मुलांवरचे अत्याचार हे सगळं उघड येतं. बंद जागेची भीती असणाऱ्यांनाही मधली प्रकरणं त्रास देतील. कॉलेजच्या आधीच्या मुलांना हे देऊ नका, आणि तुम्हाला स्वतःला छातीत धडधडायला लागलं तर पुस्तक बंद करून चार दिवस जाऊ द्या, घर कुठे जात नाही.

८. पंधराव्या प्रकरणात घाई करू नका

करेनला बंद जागांची भीती आहे, तिला हे सगळं सोडून निघून जायचंय, आणि नवऱ्यासारखा असलेला माणूस मात्र त्या काळोखाकडे ओढला जातोय. बरेच वाचक तिला भित्री, अडथळा आणणारी समजून पुढे जातात. पंधराव्या प्रकरणात ती स्वतः फिल्म बनवते. आधी मोठमोठ्या लोकांना घराबद्दल काय वाटतं ते विचारते (नावं खरी, मुलाखती रचलेल्या), आणि मग एक अगदी छोटी फिल्म, नेव्हिडसनबद्दल, तो तिला कसा आवडतो त्याबद्दल. त्याचे जुने तुकडे बघत, कापत, जोडत बसते. मला या सगळ्या प्रचंड पुस्तकातली ही पानं सगळ्यात जास्त आठवतात. घर किती मोठं आहे हे सगळे पुरुष दोऱ्या आणि दिवे घेऊन मोजत असतात, आणि ती त्या माणसाकडे बघत असते.

९. संपल्यावर

शेवटची सूची (इंडेक्स) चाळा, तीसुद्धा पुस्तकाचाच भाग आहे. लेखकाच्या बहिणीचा, पो या नावाने गाणाऱ्या गायिकेचा ‘हाँटेड’ नावाचा अल्बम त्याच वर्षी, २००० मध्ये आला, त्यात त्यांच्या वारलेल्या वडिलांच्या आवाजाच्या जुन्या टेप वापरल्यात. पुस्तक संपल्यावर ऐका, आधी नको.

याच वाटेवरचं अजून वाचायचं असेल तर रॉबर्ट हाइनलाइनची १९४१ ची गोष्ट आहे, कॅलिफोर्नियात एक वास्तुरचनाकार आठ घनांचं घर बांधतो आणि भूकंपात ते चौथ्या मितीत मिटतं, बाहेरून एकच खोली आणि आत आठ. तासाभराचं वाचन. सुझाना क्लार्कचं ‘पिरानेसी’ २०२० चं, तिथलं घर म्हणजे न संपणारे दालनांचे मजले, पुतळे, भरती-ओहोटी, पण तो काळोख नाही, तिथे राहणारा माणूस त्या घरावर प्रेम करतो. ‘हाऊस ऑफ लीव्ह्ज’ने अंगावर आलेलं उतरवायला हे चांगलं. बोर्हेसची ‘हाऊस ऑफ अ‍ॅस्टेरियन’ दोन-तीनच पानांची आहे, ती मात्र लाल मजकूर वाचून झाल्यावरच घ्या.

आणि प्रत कुणाला वाचायला देणार असाल तर चिकटपट्ट्या काढून द्या, त्याला त्याच्या वाटेने जाऊ दे. पेन्सिलीने कडेला लिहिलेलं खोडू नका.